लग्नासाठी पाण्यात उतरण्याआधी

प्रिय मित्रा (वयाने पुतण्या शोभशील, पण असो),

अनेक आशीर्वाद.

तिच्या मॉर्मन घरच्यांसाठी त्यांच्या चर्चचा बाप्तिस्मा घ्यायचा तुझा विचार आहे, तुझ्या मेलमधला तो परिच्छेद मी पुन्हा वाचला. "नुसती एक डुबकी तर मारायचीय काका, गंगेत नाही का मारत? माझा तसाही कुठल्या देवावर फारसा विश्वास नाही. मग तिच्या घरच्यांचं मन राखायला बाप्तिस्मा घेतला तर बिघडलं कुठे?" बाकीचं सगळं वाचून आनंदच झाला. इथे युटात, लीहाय गावच्या ऑफिसात ओळख कशी झाली, ती किती सरळ बोलते, तिच्या वडिलांनी तुला ट्राउट पकडायला कसं नेलं, सगळं छान. तेव्हा अभिनंदन आधी घे. आता त्या परिच्छेदाकडे वळतो, कारण माझ्या मते बिघडतं, आणि बरंच बिघडतं.

तू ज्या घरात वाढलास तिथे दगडूशेठला जाताना वाटेत दर्गा लागला तर तिथेही हात जोडायचे, आणि वांद्र्याला गेलं की माउंट मेरीला मेणबत्ती लावायची. हात जोडणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुझा विश्वास किती टक्के? आपली ही सवय मला मनापासून आवडते. पण ती तशीच उचलून त्यांच्याकडे नेलीस तर तू खोटं बोलशील, आणि आपण खोटं बोललो हे तुझ्या लक्षातही येणार नाही.

कारण त्यांच्याकडे पाण्यात उतरण्याआधी मुलाखत असते. देव आहे का, येशू ख्रिस्त तारणारा आहे का, संस्थापक जोसेफ स्मिथच्या हातून देवाने आपलं चर्च पुन्हा उभं केलं हे मानतोस का, आजचे अध्यक्ष संदेष्टे आहेत हे मानतोस का. मग आचरणाचं: दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडणार का, उत्पन्नाचा दशांश देणार का, लग्नाबाहेर शरीरसंबंध ठेवणार नाहीस ना. या सगळ्याला तोंडाने "हो" म्हणावं लागतं, समोरच्याच्या डोळ्यात बघून. आणि समोर बसलेला असतो बहुधा वीस-एकवीस वर्षांचा एखादा मिशनरी, जो स्वतःच्या नाहीतर घरच्यांच्या पैशाने दोन वर्षं घरापासून लांब आलेला असतो आणि तुझ्या त्या "हो"साठी कदाचित उपाशी राहून प्रार्थना करून आलेला असतो. त्याच्याशी असं वागणं मला तरी जमणार नाही.

आमच्या शेजारच्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आम्ही गेलो होतो. त्यांच्यात मूल आठ वर्षांचं झालं की बाप्तिस्मा होतो (मुंजीचं वय आठवलं ना? मलाही आठवलं). चर्चच्या इमारतीत घडीच्या दारामागे फरशी लावलेला छोटा हौद, बापलेक दोघं पांढऱ्या कपड्यांत कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही बाजूंना एकेक साक्षीदार. बापाने उजवा हात वर केला, पोरीचं पूर्ण नाव घेऊन ठरलेले शब्द म्हटले आणि तिला मागे झुकवून बुडवलं. बाहेर आली तेव्हा सगळे हसणार एवढ्यात एका साक्षीदाराने मान हलवली. पायाचा अंगठा पाण्यावर राहिला होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पोरीने नाक मुरडलं, पण उतरली. जे लोक अंगठ्याएवढीही सूट घेत नाहीत, त्यांच्या हौदात तू सगळं मन काठावर ठेवून उतरणार म्हणतोस.

तुझा आणखी एक गैरसमज दिसतो. बाप्तिस्मा झाला की लगेच त्यांच्या मंदिरात (रविवारच्या चर्चहून ती इमारत वेगळी) लग्न, असं तुला वाटतंय. तसं नाही. नव्या सदस्याला मंदिरातल्या लग्नाच्या विधीसाठी निदान एक वर्ष थांबावं लागतं. मग पुन्हा मुलाखती, आधी बिशपबरोबर, म्हणजे वॉर्डच्या (स्थानिक मंडळीच्या) प्रमुखाबरोबर, नंतर त्यांच्या वरच्या स्टेकच्या (अनेक वॉर्डांच्या गटाच्या) नेत्याबरोबर. त्यातून प्रवेशपत्र मिळतं, ते दोन वर्षं चालतं, आणि दर दोन वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा. 2019 मध्ये चर्चने हे प्रश्न जाहीरच केले, वाचून बघ. त्यातला एक सरळ असा आहे की तू सगळ्या व्यवहारात प्रामाणिक राहायचा प्रयत्न करतोस का. म्हणजे एका डुबकीत सुटका नाही. संसार चालेल तोवर दर दोन वर्षांनी एका खोट्यावर सही करत राहायचं. तिचे वडील दंतवैद्य आहेत आणि सध्या त्यांच्या वॉर्डचे बिशपही आहेत, असं लिहिलंयस. त्यांच्यात बिशपला पगार नसतो, पाचेक वर्षं ती जबाबदारी असते, मग दुसऱ्याकडे जाते. तेव्हा दडपून जाऊ नकोस. पण रविवारच्या जेवणाला जो माणूस तुझ्या ताटात बटाटे वाढतो, तोच वॉर्डातल्या लोकांना हे प्रश्न विचारतो, एवढं लक्षात ठेव.

आणि तुझे आई-बाबा. मंदिरातला तो विधी, ज्याला ते सीलिंग म्हणतात, त्यात नवराबायको समोरासमोरच्या आरशांच्या खोलीत वेदीपाशी गुडघे टेकतात आणि मरणानंतरही एकत्र राहण्याचं वचन घेतात. प्रवेशपत्र नसलेल्या कुणालाही आत जाता येत नाही, जन्मदात्यांनाही नाही. मी इथल्या मंदिरांच्या बागेत असे आईबाप बसलेले पाहिलेत. उत्तम सूट, हातात फुलं, आणि आपल्याच मुलाचं लग्न कधी उरकतं याची वाट बघत फाटकाकडे डोळे. तुझ्या बाबांनी कोल्हापूरहून दोन विमानं बदलून यायचं ते यासाठी? पूर्वी अमेरिकेत आधी साधं लग्न केलं तर सीलिंगसाठी वर्षभर थांबायला लावायचे, त्यामुळे बहुतेक जण मंदिरातच लग्न करायचे. मे 2019 मध्ये ही अट गेली. आता काउंटीच्या कार्यालयातून परवाना घ्यायचा, सगळ्यांदेखत लग्न लावायचं, आणि दोघंही पात्र असतील तर मग मंदिरात जायचं, असं करता येतं. साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात अंतरपाट धरायला त्यांच्या चर्चची आडकाठी नाही. हे तिला ठाऊक असेल, तिच्या आईला कदाचित वेगळं वाटत असेल.

चहाबद्दल तू विनोद केलायस, म्हणून त्यावर थोडं गंभीरपणे. 1833 मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला जोसेफ स्मिथने जो आरोग्याचा उपदेश दिला त्यात "गरम पेयं" वर्ज्य सांगितली आहेत, आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला जातो. 2019 मध्ये चर्चने तरुणांच्या मासिकात स्पष्ट केलं की ग्रीन टी आणि बर्फ घातलेला चहाही त्यातच आला. गवती चहा पत्तीशिवाय उकळलास तर चालतो. कोक चालतो, आणि तो कसा चालतो हे तुला माहीतच आहे. सेंट जॉर्जला 2010 मध्ये निघालेल्या स्विग या सोड्याच्या दुकानापासून आता गल्लोगल्ली नारळाचं सिरप आणि क्रीम घातलेल्या कोकसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. हसू येतं, मलाही यायचं. मग आठवतं की आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो, भात नाही, आणि त्याचं कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही. नियम हास्यास्पद आहे की नाही हा तुझा प्रश्नच नाही. प्रश्न हा की कोल्हापूरला घरात पाऊल टाकलंस की आई सगळ्यात आधी काय पुढे करते? तो कप तू परत करशील का? "इथे नाही, तिथे चालतं" असं दोन देशांत दोन माणसं होऊन जगणारे मी पाहिलेत, त्यांच्यातले आणि आपल्यातलेही. चहामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. लपवाछपवीने मात्र थकले.

पैशांचंही बोलून टाकू. दशांश म्हणजे दहा टक्के. कर कापण्याआधीचे की नंतरचे, हे चर्च सदस्यावर सोडतं. तू दरमहा घरी पैसे पाठवतोस, बहिणीचं शिक्षण चालू आहे. ते आधी की दशांश आधी, हे भांडण लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात होईल, कारण वर्षअखेरीला बिशपसमोर जाऊन पूर्ण दशांश दिला की नाही ते सांगायचं असतं. दुसरी बाजूही सांगतो. कुणाची नोकरी गेली तर हेच लोक त्याचं वाणसामान भरतात, आणि आमच्या दारातला बर्फ आम्ही उठायच्या आत कुणीतरी उपसलेला असतो. आणि तिसरी बाजू: 2023 मध्ये एसईसीने (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने) चर्चच्या एन्साइन पीक या गुंतवणूक कंपनीला 40 लाख डॉलर आणि खुद्द चर्चला 10 लाख डॉलर दंड केला, कारण शेअर्सची मालकी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाखाली झाकून ठेवली होती. प्रामाणिकपणाचा प्रश्न विचारणाऱ्या संस्थेलाही तो प्रश्न विचारता येतो. पण तिच्या आजीसमोर हे काढू नकोस. तिच्याशी, दोघंच असताना, जरूर बोल. बहुपत्नीत्वाबद्दलही बोल. चर्चने 1890 मध्ये ते अधिकृतपणे सोडलं, आणि जोसेफ स्मिथच्या अनेक लग्नांबद्दल 2014 मध्ये स्वतःच्या संकेतस्थळावर मोकळेपणाने लिहिलंय. कृष्णवर्णीय पुरुषांना 1978 पर्यंत पौरोहित्य नव्हतं, त्याबद्दलही विचार. तिला काय वाटतं ते ऐकायला म्हणून विचार, जिंकायला नको. आणि तिच्या घरी "मॉर्मन" म्हणणं टाळ; 2018 मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच चर्चचं पूर्ण नाव, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, वापरायची विनंती केली. मी जुन्या सवयीने म्हणतो, तू ती लावून घेऊ नकोस.

आता तिच्या बाजूने बघ. तिची आई रडली असं लिहिलंस, आणि तुला वाटलं तू नरकात जाशील या भीतीने. तसं नसावं. त्यांच्या शिकवणीत तुझ्यासारख्या भल्या माणसासाठी नरक जवळजवळ नाहीच. स्वर्गाच्या तीन पातळ्या आहेत आणि तुझी सोय कुठेतरी चांगलीच होईल. पण कुटुंब म्हणून कायम एकत्र राहणं फक्त सगळ्यात वरच्या पातळीवर, आणि तेही मंदिरात जोडलेल्यांना. त्यांच्यात म्हणतात, स्वर्गातल्या जेवणाच्या टेबलावर एकही खुर्ची रिकामी राहू नये. ती बाई रडली ती बहुतेक त्या खुर्चीसाठी. तुला हे पटायची गरज नाही. पण तुझ्याशी लग्न करताना ती मुलगी काय बाजूला ठेवतेय हे तुला कळायला हवं, आणि "पुढे बघू, कदाचित घेईन बाप्तिस्मा" असं गोड बोलून तू तिला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवता कामा नये. आपल्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. दारात आलेल्या मिशनऱ्यांनाही आपण "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो, आणि ती पोरं खरंच पुढच्या आठवड्यात येतात.

नाही म्हणायला त्यांचंच तत्त्वज्ञान तुला मदत करेल. माणसाला निवडीचं स्वातंत्र्य देवाने दिलंय आणि ते कुणी हिरावू नये, हा त्यांच्या श्रद्धेचा कणा आहे. 1842 मध्ये जोसेफ स्मिथने लिहिलेल्या श्रद्धेच्या तेरा कलमांपैकी अकरावं वाच: आम्ही आमच्या विवेकाप्रमाणे भक्ती करू, इतरांनाही त्यांच्या पद्धतीने करू देऊ. मेलेल्यांसाठीही ते मंदिरात बाप्तिस्मा घेतात, आणि त्या मृतात्म्याला तो नाकारायची मुभा असते असं मानतात. म्हणजे तुझी नातवंडंही कधीतरी तुझ्या नावाने पाण्यात उतरू शकतील. मग एवढी घाई कशाला? हे तिच्या वडिलांना सांगितलंस तर ते हसतील, मला खात्री आहे.

आणि खरंच विश्वास बसला तर? मग मी आड येणार नाही, त्या हौदापाशी टॉवेल घेऊन उभा राहीन. वर्षभर रविवारी जाऊन बस. दोन तासांचा कार्यक्रम असतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा उपास असतो आणि लोक उठून आपल्या विश्वासाची साक्ष देतात, तेव्हा ऐक. बाप्तिस्मा न घेता जाणारे तिथे पुष्कळ असतात, कुणी हाकलत नाही. फक्त लग्नाची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख एका कॅलेंडरवर लावू नकोस.

कायद्याची एक बारीक गोष्ट, कारण गावाकडे जमीन आहे. हिंदू वारसा कायदा 1956, कलम 26. धर्म बदलला म्हणून तुझा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण बदलल्यानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत या कायद्याने वारसा मिळत नाही, वारसा उघडतो तेव्हा (म्हणजे मालमत्तेचा मालक वारतो तेव्हा) ती हिंदू असतील तरच मिळतो. यावर निर्णय ठरू नये, पण बाबांना हे वकिलाकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.

तेव्हा या आठवड्यात आधी तिच्याशी बोल, मिशनऱ्यांशी नंतर. मुलांचं आत्ताच काढ: आठव्या वर्षी बाप्तिस्मा की नाही, आणि त्याआधी बारसं की चर्चमधला आशीर्वाद की दोन्ही. दोन्ही होऊ शकतं, आशीर्वादासाठी बाप सदस्य असावा लागत नाही; तिचे वडील देतील. मग आईला फोन कर, व्हॉट्सअ‍ॅपवर उरकू नकोस.

शनिवारी दोघं जेवायला या, पण दुपारीच. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार आहे, तिचा उपास संध्याकाळपासून सुरू होईल आणि काकू वाढायची थांबत नाही.

तुझा,
काका