चौदा नगांचा खोका

प्रश्न : ताई, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मित्रांनी चौदा नगांचा कॉकटेल सेट भेट दिला. लाकडी स्टँड, शेकर, तीन गाळण्या, लांब चमचा, चिमटा, बाटलीला लावायच्या तोट्या, स्टीलचे थंड ठोकळे, असं बरंच काही आहे. आम्ही महिन्यातून एखाद्या शनिवारी दोन-चार ग्लास बनवतो. यातलं खरंच लागतं काय?

उत्तर : फोटो पाहून हसू आलं. अगदी अस्साच स्टँड मलाही एकदा भेट मिळाला होता. तेव्हा बारच्या काउंटरमागे उभं राहून मला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातल्या निम्म्या वस्तूंना मी कधी हात लावला नव्हता.

आधी बाहेर काढा ते स्टीलचे ठोकळे. बर्फासारखं थंड करणार आणि पाणी सोडणार नाही, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पण बर्फ गार करतो तो मुळात वितळतो म्हणूनच. एक ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची सुमारे ३३४ ज्यूल उष्णता ओढून घेतो. फ्रीझरमधून उणे १८ अंशांवर काढलेलं एक ग्रॅम स्टील खोलीच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम वीस ज्यूल घेतं. म्हणजे ठोकळे ग्लासात खुळखुळतात छान, काम फारसं करत नाहीत. शिवाय वितळलेलं पाणी हा कॉकटेलचा एक घटकच आहे. नीट हलवलेल्या पेयात साधारण पाव भाग पाणी बर्फातून आलेलं असतं. ते नसेल तर पहिल्याच घोटाला घसा चरचरतो.

तोट्याही ठेवून द्या. दर मिनिटाला बाटली ओतायची असेल त्याला त्या उपयोगी. घरी त्या लावून ठेवल्या की बाटली महिनाभर उघडी राहते, वास उडतो आणि चिलटं आत शिरतात ती वेगळीच.

पुदिना वगैरे चेपायचा लाकडी दांडका तुमच्याकडे चकाकणारा दिसतोय. त्यावर पॉलिश असेल तर वापरू नका, लिंबाच्या आंबटपणाने ते सुटून पेयात उतरतं. बिनपॉलिशच्या लाटण्याचं टोक चालतं. पुदिना फक्त दाबायचा, तीन-चारदा, हलक्या हाताने. त्याचा लगदा केलात तर पेय कडवट होतं आणि हिरवे कण दातात बसतात.

आता ठेवायचं ते. मापाचा पेला, शेकर, स्प्रिंगवाली गाळणी आणि लांब दांड्याचा चमचा. चौथी वस्तू नसली तरी बिघडत नाही, चॉपस्टिकनेही ढवळता येतं. पाचवी वस्तू तुमच्या स्वयंपाकघरात आहेच, चहाची बारीक गाळणी. लिंबाचा गर किंवा बर्फाचे बारीक तुकडे नको असतील तेव्हा स्प्रिंगच्या गाळणीतून ओततानाच ती खाली धरायची. आणि भाज्यांची साल काढायची सोलणी. लिंबा-संत्र्याच्या सालीची पातळ पट्टी काढायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. मात्र पांढरा भाग येऊ देऊ नका, सुवास सालीतल्या तेलात असतो, पांढऱ्यात नुसता कडूपणा.

राहिलेले नग आणि स्टँड एखाद्या हौशी माणसाला देऊन टाका. पण मापाचा पेला कोणी मागितला तरी देऊ नका.

प्रश्न : माझा हात सरावलेला आहे, डोळ्यांनीच माप कळतं. तरी बायको म्हणते, प्रत्येक ग्लासची चव वेगळी. मापाचा पेला खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

उत्तर : वहिनी बरोबर आहेत.

लिंबू घातलेलं साधं आंबट-गोड पेय घ्या. ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. यात पाच मिली रस जास्त पडला, म्हणजे एक चहाचा चमचा, तर तोंड वेडंवाकडं होतं. ६० मध्ये पाच इकडेतिकडे झाले तर फारसं कळणार नाही, २० मध्ये लगेच कळतं. डोळा चुकतो तो नेमका छोट्या मापांत. म्हणून माझा नियम उलटा आहे : अंदाजपंचे ओतायचंच असेल तर सोडा ओता, लिंबू आणि पाक मोजा.

पेला असला तरी ओतताना एक गंमत होते. पसरट, खाली निमुळता पेला अगदी शंकूसारखा असेल तर वरच्या दहाव्या हिश्शाच्या उंचीत एकूण मापाच्या पाव भागाहून जास्त द्रव मावतो. सांडू नये म्हणून आपण काठाच्या थोडं खाली थांबतो, आणि ६० चे ४५ कधी झाले ते समजत नाही. मी नवीन होते तेव्हा आठवडाभर माझी पेयं आंबट लागायची. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने काही न बोलता माझा पेला काठोकाठ भरून दाखवला, वर पाण्याचा फुगवटा येईपर्यंत. तेव्हापासून मी उंच आणि सडपातळ पेला वापरते. त्यात काठाशी चुकलं तरी चूक लहान राहते.

तुमचा पेला खरा आहे की नाही, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासा. काटा शून्यावर आणून पाणी ओता, ३० मिली पाणी म्हणजे ३० ग्रॅम. सेटमधल्या पेल्यावर ३० ची खूण आणि काट्यावर २६ असं मी पाहिलंय. पेला टाकायची गरज नाही, त्याचा खरा आकडा तळाशी मार्करने लिहून ठेवा.

मापाचा आणखी एक फायदा यजमानाला होतो. ४० टक्क्यांच्या दारूचे ६० मिली म्हणजे २४ मिली शुद्ध अल्कोहोल. सढळ हाताने ओतलेल्या तीन ग्लासांत पाहुण्याच्या पोटात किती गेली, हे त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही.

प्रश्न : शेकरचं झाकण दरवेळी घट्ट बसतं. नवरा, मुलगा, शेजारी, सगळे जोर लावतात. आमचंच काही चुकतंय का?

उत्तर : तुमचं नाही, हवेचं. बर्फ घालून हलवलं की आतली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा झाकण आत दाबते. तुमचा शेकर तीन भागांचा दिसतो : खाली भांडं, मध्ये जाळीचं झाकण, वर टोपी. ही रचना जुनी आहे, तिचं अमेरिकी पेटंट १८८४ चं. अशा शेकरमध्ये आधी वरची छोटी टोपी काढायची. फस्सकन हवा आत जाते आणि मधलं झाकण सैल होतं. टोपीच अडली तर तिच्यावर क्षणभर कोमट पाण्याची धार धरा. ओट्यावर आपटू नका, वाकलेलं झाकण पुन्हा कधीच नीट बसत नाही.

मी स्वतः दोन भांड्यांचा शेकर वापरते. एक मोठं भांडं, एक लहान, एकात एक किंचित तिरकं बसवायचं, म्हणजे एका बाजूला दोन्ही कडा चिकटतात आणि समोरच्या बाजूला फट राहते. उघडताना चिकटलेल्या बाजूवर मारायचं नाही आणि फटीवरही नाही, दोन्हींच्या मधोमध तळहाताच्या टाचेने एक टोला द्यायचा. टोला बरोबर बसला की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. तो आवाज यायला मला पंधरवडा लागला आणि तोवर मनगट सुजलेलं होतं.

अंड्याचा पांढरा भाग घालून फेस काढायला आधी बर्फाशिवाय हलवतात, तेव्हा मात्र सांभाळा. हवा आकसत नाही, म्हणून झाकण धरून राहत नाही आणि आपल्या मनाने उडतं. सोडा शेकरमध्ये कधीच घालू नका. घरच्या एका समारंभात ‘सगळं एकदमच हलवू’ म्हणून मी ते केलं होतं. छतावरचा डाग पुढच्या रंगकामापर्यंत तिथेच होता.

प्रश्न : शेकरमध्ये कधी हलवायचं आणि कधी नुसतं ढवळायचं? बर्फ कुठलाही चालतो का?

उत्तर : फळाचा रस, साय, अंडं असेल तर हलवा. नुसत्या दारू एकत्र करायच्या असतील, नेग्रोनी किंवा मार्टिनीसारख्या, तर ढवळा. हलवल्याने बारीक बुडबुडे शिरतात, पेय गढूळ दिसतं. लिंबाच्या पेयात ते हवंच असतं, नेग्रोनीत नको. हलवायला दहा-बारा सेकंद पुरतात, पण जीव खाऊन. ढवळायला अर्धा मिनिट, शांतपणे, चमच्याची पाठ ग्लासच्या कडेला टेकवून, बर्फाचा आवाज जवळजवळ न करता.

बर्फ फ्रीझरमधून नुकताच काढलेला, कोरडा आणि मोठ्या तुकड्यांचा हवा. बादलीत अर्धा तास पडून पाणी सुटलेला बर्फ घातला तर पेय गार होण्याआधीच पातळ होतं. आणि भांडं भरून घाला. दोन खडे वाचवून काही मिळत नाही, थोडा बर्फ उलट लवकर वितळतो.

काचेसारखा स्वच्छ बर्फ हवा असेल तर थर्मास-पेटीत पाणी भरून झाकण काढून फ्रीझरमध्ये ठेवा. वरूनच गोठत गेल्यामुळे हवा आणि क्षार खाली ढकलले जातात आणि वरचा थर नितळ निघतो. पूर्ण गोठायच्या आत बाहेर काढा, म्हणजे खालचा गढूळ भाग तोडत बसावं लागत नाही. पाहुण्यांसमोर शायनिंग करायला उत्तम, चवीला फरक जवळपास शून्य.

प्रश्न : आमच्या घरी कोणी पीत नाही. मुलांसाठी सरबतं बनवायला शेकर घेऊ का?

उत्तर : झाकणाची काचेची बरणी घ्या. तीन-चतुर्थांश भरा, वर मोकळी जागा ठेवा. बरणी नुकती गरम पाण्याने धुतली असेल तर तिच्यात लगेच बर्फ टाकू नका, काच तडकते. झाकणाखालचा रबर आधी हुंगून बघा. त्यात लोणच्याचा वास मुरलेला असला, तर सरबताला तोच लागतो.