आरोग्यसेवा प्रशासनाची पदवी आणि दुपारी चारपर्यंत अडलेला बेड

तुझा प्रश्न थोडक्यात असा: मेडिकलचा प्रवेश हुकला, काम मात्र रुग्णालयातच करायचंय, घरातल्या कुणीतरी आरोग्यसेवा प्रशासनाची पदवी सुचवली. मग ही नुसती टेबलखुर्चीची नोकरी का, आणि पुढे मास्टर्स केल्याशिवाय तिला किंमत आहे का? मी हीच पदवी घेतली आणि त्यानंतर 19 वर्षं रुग्णालयांच्या कारभारात काढली, म्हणून सविस्तर लिहिते. अगं-तुगं करतेय, चालवून घे.

आधी कडू ते सांगते. ‘डॉक्टर नाही तर नाही, निदान रुग्णालयात तरी’ या हिशेबाने येणारी मुलं पहिल्याच वर्षी कंटाळतात. रुग्ण तुझ्यासमोर येतो तो बहुतेक वेळा चिडलेला असतो, आणि त्याच्या आजाराबद्दल बोलायचा तुला अधिकार नसतो. विषय म्हणशील तर हिशेबशास्त्र, आरोग्याचं अर्थकारण, कायदा, मनुष्यबळ, संख्याशास्त्र, साथरोगशास्त्राची तोंडओळख, वैद्यकीय परिभाषा, माहिती प्रणाली. यादी वाचून वाणिज्य शाखेला वैद्यकाची फोडणी दिल्यासारखं वाटतं. मलाही तसंच वाटायचं, इंटर्नशिपपर्यंत.

इंटर्नशिपमध्ये मला सर्जरी वॉर्डात टाकलं होतं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आज फक्त एक फाइल पकड आणि ती जाईल तिथे जा, मध्ये बोलू नकोस. राउंडमध्ये डॉक्टरांनी 9.10 ला लिहिलं, घरी सोडायला हरकत नाही. डिस्चार्ज समरी, म्हणजे घरी सोडताना द्यायचा उपचारांचा गोषवारा, लिहिणारे ज्युनिअर डॉक्टर तोवर ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले, ते 11.45 ला बाहेर आले. उरलेली औषधं फार्मसीत परत करायला गेली ती 12.30 ला. मग कळलं, आदल्या रात्रीच्या एका रक्ततपासणीची नोंदच बिलात चढली नव्हती. शेवटचं बिल 1.40 ला तयार झालं, विम्याची मंजुरी 3.05 ला आली, नातेवाईक वाट बघून बाहेर गेलेले ते परतले, आणि पेशंट 3.40 ला निघाला. सफाईच्या मावशींनी बेड वीस मिनिटांत तयार केला. पण कॉम्प्युटरवर तो ‘रिकामा’ दाखवायचं राहून गेलं, ते झालं 4.20 ला. खाली कॅज्युअल्टीत एक आजोबा साडेदहापासून स्ट्रेचरवर होते, याच बेडसाठी.

या 7 तास 10 मिनिटांत प्रत्यक्ष काम किती झालं याची मी बेरीज केली. जेमतेम दीड तास. बाकी वेळ कागद कुणाची तरी वाट बघत पडलेला. त्या दिवशी एकही माणूस कामचुकारपणा करताना दिसला नाही, हेच मला जास्त लागलं.

आता यावर पदवी काय देते? ऐक. जॉन लिटल नावाच्या अभ्यासकाने 1961 मध्ये एक साधा नियम सिद्ध केला: एखाद्या ठिकाणी सरासरी किती जण असतील, तर दररोज किती येतात गुणिले प्रत्येक जण किती दिवस राहतो. दिवसाला 40 भरती आणि सरासरी मुक्काम 5 दिवस, म्हणजे 200 बेड कायम भरलेले. मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला तर लागतात 180. एकही भिंत न बांधता 20 बेड! माझ्या त्या फाइलचे सात तास म्हणजे अर्ध्या दिवसातलं केवढं मोठं माप, ते तूच बघ.

दुसरं उदाहरण नोंदणीच्या खिडकीचं. एक खिडकी, एका माणसाला सरासरी 5 मिनिटं, आणि लोक वाटेल तेव्हा येतात. खिडकी 80 टक्के वेळ गुंतलेली असेल, तर रांगेचं नेहमीचं गणित सरासरी 20 मिनिटं थांबणं दाखवतं. 90 टक्क्यांना 45 मिनिटं. 95 टक्क्यांना 95 मिनिटं. 90 वरून 95 ला जाताना, फक्त पाच टक्क्यांत, थांबणं दुपटीहून जास्त होतं. ‘आमचा स्टाफ एक मिनिट मोकळा नसतो’ असं मीटिंगमध्ये कुणी छाती फुगवून सांगितलं की मला हे आकडे आठवतात आणि मी पाणी पिते.

हे शिकल्यावर माणूस शहाणा होतो असं समजू नकोस हं. पहिल्या नोकरीत मी डिस्चार्जसाठी एक देखणा फॉर्म केला, प्रत्येक टप्प्याची वेळ लिहायचे रकाने, तीन रंग. आठवडाभरात सगळे फॉर्म कोरेच परत आले. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “एका पेशंटमागे मी आत्ता किती कागद भरते, ते मोजलंस का?” मोजले नव्हते. नंतर मोजले, अकरा. मग फॉर्म गेला. दुसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळीच करायची आणि समरीचा कच्चा मसुदा रात्रीच लिहून ठेवायचा, एवढंच ठरलं. तेही सिस्टरांनीच सुचवलेलं.

गुणवत्तेचा पेपर बहुतेकांना रटाळ वाटतो, कारण तो चेकलिस्ट पाठ करायला लावून शिकवतात. त्यामागची माणसं कळली तर तसा वाटत नाही. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन शंभर वर्षांपूर्वी म्हणत होते की प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा रुग्णालयाने करावा आणि निकाल जाहीर करावा. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून 1911 ते 1916 या काळात घरी गेलेल्या 337 पेशंटच्या मागे त्यांनी स्वतःच्या 123 चुका मोजून छापल्या. सहकाऱ्यांना हे आवडलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पुढे 1966 मध्ये आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी दर्जा तपासायच्या तीन बाजू मांडल्या: साधनं काय आहेत, काम कसं होतं, शेवटी पेशंटला काय मिळालं. आजही बहुतेक प्रत्येक ऑडिट याच तीन बाजूंभोवती फिरतं. त्यातलं पहिलं मोजायला सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. मशीन किती, खाटा किती. पेशंट महिन्याभराने कसा आहे, हे विचारणारं खातं मला फार थोड्या ठिकाणी दिसलं.

मास्टर्सचं विचारलंस. फक्त पदवीवर सुरुवात होते ती नोंदणी, बिलिंग, विम्याचे दावे, कोडिंग (आजार आणि उपचारांना ठरावीक संकेतांक देणं), मेडिकल रेकॉर्ड, ओपीडीचं वेळापत्रक, गुणवत्ता विभागात आकडे गोळा करणं, अशा ठिकाणी. मोठ्या रुग्णालयात विभागप्रमुखाच्या वर जायचं तर बहुधा मास्टर्स मागतात. पण पदवी संपल्या संपल्या त्यात उडी घेऊ नकोस. दोन-तीन वर्षं बिलिंगला किंवा वॉर्डात घासून मग जा, वर्गात बसल्यावर प्रश्न तुझ्याजवळ असतील. आणि एक गोष्ट कॉलेजवाले सांगणार नाहीत: नर्सिंग करून मग प्रशासनात आलेल्या माणसाचं वॉर्डात जितकं ऐकतात, तितकं आपलं ऐकायला वर्षं जातात. रक्त बघून चक्कर येत नसेल, तर त्या वाटेचाही विचार कर.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. मागच्या वर्षीच्या दोन मुलांना गाठ आणि विचार, इंटर्नशिपमध्ये हाताने काय केलं? ‘सगळे विभाग दाखवले’ असं उत्तर आलं तर ती सहल होती. एखाद्या खात्यात निदान काही महिने रोज जायला मिळायला हवं. शिकवणाऱ्यांत कुणी तरी रात्रपाळी सांभाळलेलं असावं. संख्याशास्त्र एकाच सत्रात उरकलेलं असेल तर मी तरी तिथे जाणार नाही.

फी भरण्याआधी एक दिवस कुठल्याही ओपीडीत वही घेऊन दोन तास बस. कोण कधी आलं, कधी आत गेलं, एवढंच लिही. नाव-आजार काही लिहायचं नाही. घरी येऊन त्या वेळा कागदावर मांडून बघ. कंटाळा आला तर तसं कळव. आणि रांग नेमकी कुठे तुंबली हे शोधत रात्रीचे अकरा वाजले, तर तू पाहिलेल्या कॉलेजांचा अभ्यासक्रम इथे टाक, मी नजर टाकते.