हरभऱ्यावरची घाटेअळी: औषध जहाल नको, वेळेवर हवं

सांवेरच्या एका दादांनी विचारलंय, "साहेब, डॉलर (काबुली) हरभऱ्यावर इल्ली (घाटेअळी) आली. दुकानदाराने दोन दवाया एकत्र करून दिल्या. फवारून चार दिवस झाले, इल्ली तशीच. आता आणखी तेज काय मारू?" देपालपूरच्या ताईंना काळजी वेगळी आहे. घरची मंडळी हरभऱ्याची भाजी खुडतात, पोरं हुळा भाजतात, तर कमी विषारी काही आहे का? दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी येतं, म्हणून एकत्रच देतो.

दादा, तुमच्या फोटोत अळी घाट्यात डोकं खुपसून बसली आहे, अर्धं अंग बाहेर. एवढी वाढलेली अळी सहजी मरत नाही, आणि सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं तर ती केव्हाच पचवायला शिकली आहे. तुमच्या मिश्रणाने मेले असतील ते मित्रकीटक. कोवळ्या अळ्यांच्या पोटात अंडी घालणारी कॅम्पोलेटिस नावाची बारीक माशी हरभऱ्यात आपलं काम फुकट करत असते. जहाल फवाऱ्यात आधी ती जाते.

कमी विषारी औषधं लागू पडतात ती कोवळ्या अळीवर. कोवळी अळी पानाचा हिरवा भाग खरवडते, मागे पांढुरका पापुद्रा राहतो. शेंड्याची पानं उलटून पाहायची ती यासाठी. हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावा. सापळ्यात सलग दोन-तीन रात्री 8-10 पतंग सापडले, किंवा एक मीटर ओळीत 1-2 अळ्या दिसल्या, की पंप काढायचा. मावठ्याचं ढगाळ हवामान असेल तर रोज फेरी मारा.

पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची. वाळलेल्या निंबोळीचा 5 किलो गर भरडून रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, 200 ग्रॅम साबणाचं पाणी घाला आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी वापरा, शिळा अर्क उपयोगाचा नाही. त्यानंतरही कोवळ्या अळ्या दिसल्या तर एचएएनपीव्ही हा घाटेअळीला रोगी करून मारणारा विषाणू, हेक्टरी 250 एलई (विषाणूची मात्रा मोजायचं माप), तोही उतरत्या उन्हात, कारण उन्हाने विषाणू निकामी होतो. थोडी नीळ मिसळली तर टिकतो. मेलेल्या अळ्या झाडाला उलट्या लटकलेल्या दिसतील. त्याला चार-सहा दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

एवढ्यानेही आटोक्यात आलं नाही तर क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी, हेक्टरी 125 मिली, 500 लिटर पाण्यात. पंधरा लिटरच्या पंपाला पावणेचार मिली, झाकणाने अंदाजे नव्हे, मापाने. डब्यावर हिरवा त्रिकोण, म्हणजे कमी विषारी असल्याची खूण, आहे म्हणून तोंडाला फडकं न बांधता मारू नका, आणि पंप विहिरीच्या काठी किंवा नाल्यात धुऊ नका. पाण्यातल्या जिवांना ते घातक आहे. दादांना आत्ताच्या मोठ्या अळ्यांसाठी एमामेक्टिन बेन्झोएट 5 एसजी, हेक्टरी 220 ग्रॅम, एकदाच, एकटंच. सोबत टॉनिक, खत काही नाही. मोठ्या अळ्या हाताने वेचल्यात तर उत्तमच. पक्ष्यांसाठी टी आकाराच्या काठ्या उभ्या करा, मात्र दाणे पक्व होऊ लागले की उपटा, नाहीतर पाहुणे दाणेही खातील.

ताई, भाजीसाठी शेंडे खुडायचे ते रासायनिक फवारणीच्या आधी. क्लोरँट्रानिलीप्रोलनंतर 11 दिवस आणि एमामेक्टिननंतर 14 दिवस काढणी करायची नाही. म्हणून हुळ्यासाठी धुऱ्यालगतच्या दोन ओळी वेगळ्या राखा. तिथे फक्त निंबोळी.

मुगावरच्या पिवळ्या मोझॅकबद्दलही एकांनी विचारलंय. रोगट झाड औषधाने सुधारत नाही. दिसताच उपटा आणि हा रोग पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा.

पुढच्या वेळी विचारताना अळीसोबत औषधाच्या लेबलचाही फोटो पाठवा.