१३-१४ वर्षांच्या मुलांना उद्याचं संगणक तंत्रज्ञान कसं शिकवावं?

रोजच्या जगण्यातलं उद्याचं संगणक तंत्रज्ञान चार तासांत शिकवायचंय, सुरुवात कुठून करू, आणि वर्षभरात ते शिळं झालं तर काय, असं तुम्ही विचारलंय.

शिळं होणारच. मी पहिल्यांदा हा विषय घेतला तेव्हा रोबो, बोलणारं घर, बिनचालकाची गाडी अशा ४० स्लाइड दाखवल्या. मुलं खूश, मीही खूश. पुढच्या तासाला विचारलं, "त्या घराला आपलं बोलणं कळतं कसं?" वर्ग चिडीचूप. मी शिकवलं नव्हतंच, जाहिरात दाखवली होती.

आता मी मागून सुरू करतो. १९६२ मध्ये आयबीएमने 'शूबॉक्स' नावाचं यंत्र दाखवलं. ते बोललेले १६ शब्द ओळखायचं, त्यातले १० तर नुसते अंक. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने १९६४ मध्ये समोरच्याचा चेहरा दिसणारा पिक्चरफोन लोकांसमोर आणला, पण तो काही खपला नाही. १९६८ च्या डिसेंबरात डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत माउस चालवून दाखवला. मुलांना एवढंच विचारायचं : जमलं होतं, मग घरोघरी यायला इतकी वर्षं का लागली? किंमत, वेग ही उत्तरं लगेच येतात. पिक्चरफोनबद्दल एक मुलगा म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडेच नसेल तर मी तो घेऊन बघू कुणाला?" हे मला सांगावं लागलं नाही याचा आनंद वेगळाच.

मग गृहपाठ : घरातले संगणक मोजून आणा. बहुतेक जण दोन-तीन लिहून आणतात. वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, रिमोट, इतकंच काय, सिमकार्डातही प्रोसेसर असतो म्हटल्यावर यादी लांबत जाते. संगणक असे वस्तूंत विरघळून दिसेनासे होतील, हे मार्क वायझर या संगणकशास्त्रज्ञाने १९९१ मध्येच लिहून ठेवलं होतं. प्रत्येक वस्तूपुढे चार रकाने भरायला लावा : हिला कळतं काय, ठरवतं कोण, ती करते काय, आणि माहिती जाते कुठे. चौथा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. त्यावर वेळ घालवा.

आता भविष्य. रोजची एक वस्तू घ्या, तिला सेन्सर लावा. एका मुलीने आजीची काठी निवडली : काठी पडली की घरच्यांना फोन जाणार. लगेच मागून आवाज, "भिंतीला टेकवलेली काठी घसरली तर?" ३० सेकंद थांबून हालचाल नसेल तरच फोन, असं ठरलं. पण घसरलेली काठीही निपचितच पडून असते! आजी पडली आणि काठी पडली, यातला फरक काठीला कळणारच नाही. सेन्सर आजीच्या अंगावर हवा. मग तो झोपतानाही घालायचा का, आजीला चालेल का, कुणी तिला विचारलंय का? पाऊण तास कसा गेला कळलं नाही. आपण मोजतो एक आणि आपल्याला जाणून घ्यायचं असतं दुसरंच, ही अडचण उद्याच्या यंत्रांनाही सुटणार नाही, म्हणून हा धडा शिळा होत नाही.

क्वांटम संगणकाबद्दल विचारतीलच. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना जवळजवळ उणे २७३ अंश सेल्सिअसची थंडी लागते, तेव्हा ती टेबलावर येण्याची वाट बघू नका. माहिती गुप्त ठेवणारी आजची काही डिजिटल कुलुपं ती उद्या फोडू शकतील, म्हणून त्यांच्यापुढे टिकतील अशी नवी कुलुपं घडवणं मात्र सुरू झालंय. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने या कुलुपांची पहिली मानकं २०२४ मध्ये जाहीर केली. इतकं पुरे.

काठीच्या प्रयोगाला प्रयोगशाळा लागत नाही. फोनमध्ये वेगातला बदल टिपणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो, 'फायफॉक्स' नावाच्या फुकट अ‍ॅपमध्ये त्याचा आलेख दिसतो. फोन काठीला घट्ट बांधा आणि गादीवरच पाडा. आम्ही फरशीवर पाडला होता.