पहिली गोधडी वेळेत पूर्ण करायची तर

ताई, बारशाला पंधरा दिवस आहेत ना? मग बाळाची गोधडी नक्की होईल. फक्त आत काय भरायचं आणि कडा कशी बंद करायची, हे आजच ठरवा.

पिंजलेला सुटा कापूस नको. टाके विरळ पडले की धुतल्यावर त्याचे गोळे होतात. माझं मत विचाराल तर वापरून मऊ झालेली सुती साडी, तीन-चार पदरी. ती आधीच आटलेली असते आणि थरांत सरकत नाही. साडी नसेल तर सुती बॅटिंगचा, म्हणजे भरणासाठी मिळणाऱ्या दाबलेल्या कापसाचा, पातळ थर घ्या. पॉलिएस्टरचा फुगीर थर पहिल्यांदा सांभाळणं अवघड जातं.

कडेला वेगळा गोट लावू नका. अस्तर, म्हणजे खालचं कापड, चारही बाजूंनी एक इंच जास्त ठेवा, भरण मात्र वरच्या कापडाच्या मापाचंच कापा. अस्तराची कड अर्धा इंच दुमडा, पुन्हा दुमडून वरच्या कापडावर आणा, शिलाई मारा. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी गोल कोपऱ्यांना लागते, तुमचे कोपरे चौकोनी आहेत.

नवशिक्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका:

- नवं कापड न धुता वापरणं. नंतर ते आटतं, रंगही सोडतं.
- कडेपासून शिवायला घेणं. आधी वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला, मग मधून बाहेर या. नाहीतर मध्ये फुगा राहतो.
- शिवण्याआधीच अस्तर नेमकं कापून टाकणं.

सध्या सरळ धावदोराच घाला. नक्षीचं पुढच्या गोधडीला सांगते.