दिल्ली : राज्य की केंद्रशासित प्रदेश?

प्रश्न : दिल्लीला विधानसभा आणि मुख्यमंत्री असूनही तिला राज्य का म्हणत नाहीत?

उत्तर : कारण घटनेच्या दृष्टीने दिल्ली आजही केंद्रशासित प्रदेशच आहे. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा पंचम जॉर्ज यांनी डिसेंबर १९११ च्या दरबारात केली, आणि १९३१ मध्ये नवी दिल्लीचे औपचारिक उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, दिल्लीला विधानसभा मिळाली खरी. परंतु राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, ती गेली. पुढे ६९ व्या घटनादुरुस्तीने कलम २३९ कक समाविष्ट होऊन सत्तर सदस्यांची विधानसभा पुन्हा अस्तित्वात आली, मात्र पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय तिच्या अधिकाराबाहेर ठेवण्यात आले. वादाचे मूळ येथेच आहे, कारण जनतेने निवडलेले सरकार आणि केंद्राने नेमलेले नायब राज्यपाल एकाच शहराचा कारभार पाहतात. सनदी अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिल्ली सरकारच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच वर्षी संसदेने कायदा करून त्याचा परिणाम बव्हंशी पुसून टाकला. पूर्ण राज्याचा दर्जा देण्यास, पक्ष कोणताही असो, सत्तेतील केंद्र सरकार सहसा राजी होत नाही.