सासूबाईंना बाळसं दिसतं, डॉक्टरांना लठ्ठपणा

चिंचवडहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा ९ वर्षांचा, उंची १३१ सेंटीमीटर, वजन ४० किलो, जन्मला तेव्हा मात्र जेमतेम २.३ किलोचा होता. शाळेच्या तपासणीत लठ्ठ असा शेरा आला. नवरा कंपनीत शिफ्टला, सासूबाई ६४ वर्षांच्या, बीडकडच्या, पूर्वी ऊसतोडीला जायच्या. त्या म्हणतात पोराला नजर लावू नका, खात्यापित्या घरचं दिसतंय. त्यात आयांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की काही घरांत पैसा येतो पण अक्कल येत नाही. ती विचारते, "ताई, लठ्ठ मुलं तर श्रीमंतांची असतात ना? मग आमच्याच घरी कसं? माझं काय चुकलं?"

अगं, आधी तो ग्रुप म्यूट कर. मग बोलू.

श्रीमंतांची मुलं लठ्ठ हे तू ऐकलंस ते आपल्याकडं अजून बऱ्यापैकी खरंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची जादा वजनाची मुलं २०१५-१६ ला २.१ टक्के होती, २०१९-२१ ला ३.४ झाली, आणि शहरात खेड्यापेक्षा जास्त. तिकडं इंग्लंडमध्ये उलटं चित्र, तिथं दरवर्षी शाळेत मुलांची वजनं घेतात आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांत लठ्ठपणा सधन वस्त्यांच्या साधारण दुप्पट निघतो. कारण तिथं तेलकट-गोड पाकीट सगळ्यात स्वस्त, आणि ताजी भाजी, खेळायला जागा, आईबापाला वेळ हे महाग. आता आपल्या शहरांतही तसंच व्हायला लागलंय आणि तुमचं घर बरोब्बर मधल्या पायरीवर उभंय. पगार वाढला तसं दहा रुपयांचं चिप्सचं पाकीट, क्रीमची बिस्किटं, दुधात टाकायची चॉकलेटी पावडर, हातात मोबाईल हे सगळं परवडायला लागलं, पण मैदान काही पगारातून येत नाही, तूच लिहिलंयस की बिल्डिंगखाली गाड्या लावलेल्या असतात आणि वॉचमन बॉल जप्त करतो. त्या ग्रुपवरच्या बाईंचा मुलगाही पिझ्झा खात असेलच की, फक्त त्याला नंतर स्विमिंगला सोडायला कुणीतरी आहे. याला अक्कल म्हणतात होय?

सासूबाईंवर चिडू नकोस. १९७२ च्या दुष्काळात त्या दहाएक वर्षांच्या असतील, ती दुष्काळी वाटपातली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेली पिढी. ज्या बाईनं भूक बघितलीय तिला नातवाचे गाल म्हणजे आयुष्यभराच्या कष्टाची पावती वाटते, तिच्या हातात तू डॉक्टरचा कागद ठेवलास तर ती कशी ऐकेल?

पण शेरा खरा आहे, हेही सांगते. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या थोडा वर येतो. मोठ्यांच्या तक्त्यात बघून एवढं काही नाही म्हणू नकोस, मुलांचा आकडा वयाप्रमाणं चार्टवर बघतात आणि ९ वर्षाला हा लठ्ठपणातच जातो. त्यात तो जन्मतः बारीक. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून जवळच्या गावांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची, पण आपल्या बाळांचे स्नायू कमी आणि चरबी मात्र त्यामानानं जपलेली. आईच्या पोटात कमी मिळालेलं आणि नंतर भराभर वजन वाढलेलं असं शरीर पुढं डायबिटीसकडं लवकर झुकतं. म्हणजे गरिबीचा धागा असाही आहे बघ, दोन पिढ्या मागून आलेला, आणि त्यात तुझं चुकलं कुठं?

आता करायचं काय. त्याला डायटवर घालू नकोस, जाड्या म्हणू नका कुणी, लाडानंही नको. या वयात बऱ्याचदा वजन उतरवण्यापेक्षा ते आहे तिथं थांबवायचं असतं, उंची वाढली की आपोआप फरक दिसतो. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते सेकंड शिफ्टचं. बाप रात्री साडेअकराला वडापाव घेऊन येतो, मुलगा त्याच्यासाठी जागा राहतो, दोघं मिळून खातात. त्या माणसाला दिवसभरात लेकरासोबत तेवढाच वेळ मिळतो गं, म्हणून वडापाव बंद असं फर्मान काढू नकोस, वेळ बदल. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी बापानंच त्याला शाळेत चालत सोडायचं, आणि रात्री पोरगं साडेनऊला झोपलं पाहिजे, या वयाला ९ ते ११ तास झोप लागते आणि कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त खातं.

ती चॉकलेटी पावडर संपली की परत आणू नका, त्यात साखर बरीच असते, साधं दूध पुरे. पाकिटं घरात साठवायची नाहीत, आठवड्यातून एकदा दुकानात जाऊन एक आणायचं. आणि भाकरीचं खातं सासूबाईंना दे. ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झालीय (गरिबाची भाकरी मिलेट होऊन मॉलमध्ये जाऊन बसली, काय बोलणार) तरी रोज एक परवडेल. त्यांना सांग, आई, याला तुमच्या हातची भाकरी आणि पालेभाजी आवडली पाहिजे, ते काम तुमचं. नातवाला उपाशी ठेवतायत ही भीती गेली की अर्धं भांडण मिटेल.

एकदा बालरोगतज्ज्ञांकडं नक्की जा. मानेवर मागं काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो का बघ. घासून जात नाही म्हणून मळ समजून पोराला रगडू नकोस, डॉक्टरांना दाखव, ते शुगर वगैरे तपासायचं का सांगतील.

आणि तो बॉल. सोसायटीच्या मीटिंगला यावेळी तू स्वतः जा, संध्याकाळी ५ ते ७ एक कोपरा गाड्यांशिवाय मोकळा ठेवा म्हणून अर्ज दे, आणखी दोन-चार आयांच्या सह्या घे.